लाल रेघेपर्यंतचं पाणी

माझा धंदा माणसांच्या लघवीचा. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत बोललो की शेजारचा पाहुणा ताट घेऊन दोन खुर्च्या पलीकडे सरकतो. म्हणून घरच्यांनी मला ‘किडनीचा डॉक्टर’ म्हणून ओळख करून द्यायला शिकवलंय. त्यात जरा प्रतिष्ठा आहे. प्रत्यक्षात माझे दिवस जातात ते म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटमध्ये, बायकांच्या जळजळीत आणि सगळ्यांच्या मुतखड्यांत.

नाशिकला माझं छोटंसं हॉस्पिटल आहे. गेली काही वर्षं पंधरा दिवसांतून एका गुरुवारी मी त्र्यंबकमार्गे घाट उतरतो, सकाळी मोखाड्याला आणि दुपारनंतर जव्हारला सरकारी दवाखान्यात बसतो. लोक याला समाजसेवा म्हणतात. मीही म्हणू देतो.

इथल्या म्हाताऱ्यांनी मला माझा धंदा नव्याने शिकवला. दाभोशाचा एक बाबा गुडघा दाखवायला आला. गुडघा माझा नव्हे, पण पाहिला, गोळी लिहून दिली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि माझ्याकडे पाठ करून दाराला म्हणाला, “आन् रातचा धा येळा उठाय लागतं.” खरी तक्रार ही अशी दाराला सांगायची असते. पुढे साखरशेतचा एक आला तो कान दुखतो म्हणून, दुसरा एक नुसताच सोबत म्हणून. आता मी गुडघे-कान ऐकून घेतच नाही. समोर पिकल्या केसांचा पुरुष बसला की पहिला प्रश्न, “रात्री किती वेळा?” मग तो बाहेर जाऊन सांगतो, डाक्तर लई हुशार, न सांगता ओळखतो.

आणखी एक शिकलो. या डोंगरांतल्या घरांतली बोली वेगळी, मराठी ही शाळेत आणि बाजारात भेटलेली दुसरी भाषा. त्यात अहो-जाहो फारसं नाही. पहिल्याच गुरुवारी एका आजीने मला “तू कवा आलास?” विचारलं तेव्हा माझ्या सर्जरीतल्या एमसीएच पदवीला घाम फुटला होता. आता नाशिकला कुणी “सर, आपण” म्हणालं की वाटतं, याला काहीतरी विकायचं असणार.

तर मुतखडे. मुतखड्याच्या प्रत्येक पेशंटला आम्ही एकच उपदेश करतो. भरपूर पाणी प्या. मी तो इतक्या वेळा लिहिला की हात दुखायला लागला, म्हणून रबरी शिक्का करून घेतला: ‘दिवसाला किमान तीन लिटर पाणी प्यावे.’ जांभळी शाई. कागद पुढे आला की ठप्प. शिवाय भिंतीवर एक तक्ता लावला, त्यात लघवीच्या रंगाचे आठ चौकोन, फिकट पिवळ्यापासून कोऱ्या चहापर्यंत. पेशंटने आपल्या चौकोनावर बोट ठेवायचं. उन्हाळ्यात मोखाड्याच्या बायका शेवटच्या दोन चौकोनांपलीकडे बोट नेतच नसत. मी ठप्प करायचो आणि म्हणायचो, “बाई, तीन लिटर म्हणजे तीन लिटर.”

ज्या तालुक्यात पावसाळ्यात छत्री वळचणीला लावून ठेवावी असा पाऊस पडतो, ज्याच्या अंगाखांद्यावरचं पाणी अडवून मुंबईच्या नळांना जातं, आणि जिथे एप्रिल लागला की बायका हंडे घेऊन घळीत उतरतात, तिथे मी हा शिक्का मारत होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतात. मी तर जिभेचेही कष्ट वाचवले होते.

ती आली तेव्हा पौष-माघाची थंडी होती. पोशेऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची, पस्तिशीच्या आसपासची. नक्की वय सांगता येत नाही, कारण तिच्या प्रत्येक कागदावर वेगळं होतं. भात-नाचणीची थोडी शेती, नवरा दिवाळीनंतर भिवंडीकडे बांधकामावर गेलेला, घरात सासू आणि दोन लेकरं. सोबत पाड्याचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई होत्या. तिच्या कमरेत कळ होती, अंगात ताप होता, आणि ती काहीच बोलत नव्हती. सगळं आशाताई बोलत होत्या.

सोनोग्राफी केली. उजवी किडनी एका जुन्या खड्याने कधीच संपवून टाकली होती. तिथे वाळलेल्या सुपारीएवढं काहीतरी उरलं होतं. कळ येत होती ती डावीतून, आणि त्या डावीच्याही तोंडाशी खडा अडकला होता. म्हणजे बाईकडे एकच किडनी, तिलाही बूच. मी तिला गाडीत घालून नाशिकला नेलं, सरकारी योजनेत बसवलं, दुर्बिणीतून खडा फोडला. किडनी वाचली. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. लपवत नाही, त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं होतं.

घरी सोडताना मी तिला समजावून सांगितलं. निदान मला तसं वाटलं. कार्डावर लिहिलं, ‘उजवे मूत्रपिंड कार्यरत नाही. डाव्याची काळजी घेणे आवश्यक.’ तोंडानेही साधारण तेच बोललो, घाईत, कारण पुढचा पेशंट टेबलावर होता. महिनाभर डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, हंडा तर नाहीच. आणि शिक्का. जोर यावा म्हणून दोनदा मारला. तिने ठामपणे मान हलवली. माझ्या अनुभवात, माणसाला काहीच कळलं नाही की तो इतक्या ठामपणे मान हलवतो.

फेब्रुवारीत ती तपासणीला आली तेव्हा चेहऱ्यावर तजेला होता. तक्त्यावर तिने दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. मला वाटलं चुकली, म्हणून तपासून घेतलं. खरंच दुसरा चौकोन. मग आशाताईंनी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घासून घेतला, त्यात एक लिटरची बाटली तीनदा ओतली, आणि पाणी आलं तिथे बाहेरून नखाच्या लाल पॉलिशने रेघ ओढली. रोज या रेघेपर्यंतचं पाणी गाळून, उकळून, निववून एकटीने प्यायचं. हंडा उचलायला बंदी म्हणून पाड्यावरच्या नऊ घरांतल्या बायकांनी पाळी लावली. आज हिने तिचा कॅन आणि घरचे हंडे भरून आणायचे, उद्या तिने.

मी भारावलो. दुसरा शब्द नाही. मार्चमध्ये पुण्याला आमच्या धंद्यातल्या लोकांचं संमेलन होतं, एका मोठ्या हॉटेलात. तिथे मी आशाताईंकडून मागवलेला लाल रेघेच्या कॅनचा फोटो पडद्यावर लावला आणि ‘समाज हाच डॉक्टर’ या अर्थाचं बरंच काही बोललो. टाळ्या पडल्या. प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची एक सीलबंद बाटली होती. दोन घोट पिऊन बहुतेकांनी ती तशीच ठेवली होती. हे मला तेव्हा दिसलं नाही, नंतर फोटोत दिसलं.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी ती जव्हारला पुन्हा आली. ताप. तक्त्यावरचं बोट सातव्या चौकोनावर. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की वाढणारा आकडा, वर सरकलेलं. एकच किडनी असलेल्या माणसाचा हा आकडा जरासा जरी हलला तरी मी घाबरतो. तो आता बराच हलला होता.

आणि घाबरलो की मी ओरडतो. ही माझी जुनी खोड आहे. बायको म्हणते, तुला भीती वाटली की समोरच्याचं काही खरं नाही.

“पाणी प्यायचं सोडलंस ना?”

“पिते,” ती म्हणाली. माझ्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

“खोटं बोलू नकोस. पाणी पिणाऱ्याची लघवी अशी नसते. किती पितेस?”

“रेघेपर्यंत.”

“रोज?”

“रोज.”

मी तक्त्यावर हात आपटला. तीन लिटर म्हणजे तीन लिटर, अर्धा नव्हे, दीड नव्हे, मी काय इथे गंमत म्हणून येतो, वगैरे सगळं बोललो. ती खाली बघत उभी राहिली. आशाताई काहीतरी सांगायला तोंड उघडत होत्या, त्यांनाही मी गप्प केलं. दोन दिवस दवाखान्यात ठेवून सलाईन दिलं, ताप उतरला, आकडा थोडा खाली आला. त्या गुरुवारी निघतानाच मी कागदावर पुन्हा शिक्का मारून ठेवला होता.

मे महिन्यात एका गुरुवारी मोखाड्याचं काम लवकर आटपलं, जव्हारचं त्या दिवशी नव्हतं, आणि मी आशाताईंना म्हटलं, चला, तुमचा पाडा दाखवा. मनात काय होतं ते खरं सांगतो. थोडी काळजी होती, थोडा संशय होता की ही बाई खोटं बोलते, आणि बराचसा मोह होता की कॅनचा एक चांगला फोटो मिळेल. पुण्याच्या पडद्यावर पहिला जरा धूसर आला होता.

गाडी रस्त्याला सोडून वर चढावं लागतं. पाण्याची बाटली गाडीत राहिली. घरापाशी पोचेस्तोवर माझा घसा सुकून बोलवेना. सासू कारवीच्या भिंतीला टेकून सावलीत बसली होती. “डाक्तर आला. बस,” म्हणाली, आणि सुनेला आत हाक मारली, “पानी दे गं त्याला.”

ती तांब्या घेऊन आली. मी एका दमात रिकामा केला. गार होतं, स्वच्छ होतं. मी तांब्या पुढे केला. तिने आतून आणखी भरून आणला. तोही निम्म्याच्या वर प्यालो, मग उरलेल्यात रुमाल भिजवून मानेवर फिरवला. असं बरं वाटलं म्हणून सांगू.

डोळे सावलीला सरावल्यावर कोपऱ्यातला कॅन दिसला. लाल रेघ जागेवर होती. पाणी तळाशी होतं.

“हे तिचं होतं?” मी विचारलं.

“मंग?” सासू म्हणाली. “गाळलेला, उकाळलेला. डाक्तर घरी आला, त्याला काय गढूल पानी दयाचा?”

“आणि ती आता काय पिणार?”

“आनील.”

मी म्हणालो, “नऊ घरांच्या बायका आणतात ना? पाळीने?”

सासूने आशाताईंकडे बघितलं, आशाताईंनी जमिनीकडे. मग एप्रिलमध्ये मी बोलू दिलं नव्हतं ते त्यांनी आता सांगितलं. ती पाळी फक्त महिन्यापुरती होती. ती मदत नव्हती, सावड होती. आवणीला आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही, तशी. भात लावणं असो, घर शाकारणं असो, इथे घेतलेला हात परत द्यायचाच असतो. महिनाभर नऊ घरांनी तिला पाणी दिलं होतं. तिला बरं वाटलं त्या दिवसापासून ती ते परत देत होती. आज या घरी, उद्या त्या घरी, रोज एक खेप जास्तीची.

फेब्रुवारीत त्यांनी दिलं ते जवळच्या विहिरीचं, दहा मिनिटांवरचं. ती विहीर एप्रिलमध्ये आटली. ती परत देत होती ते खालच्या घळीतल्या झिऱ्याचं, जिथे खड्ड्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचं, वाटीने भरायचं आणि मग अर्धा तास उभा चढ चढायचा. स्वतःच्या घराच्या खेपा होत्याच. आणि रेघेपर्यंतचं पाणी ती खरोखरच रोज पीत होती. डॉक्टरने सांगितलं म्हणून. ते सगळं त्या चढावर घामावाटे जात होतं. माझ्या शिक्क्यातले तीन लिटर पंख्याखाली बसणाऱ्या माणसाचे होते.

मी तिला खोटारडी म्हटलं होतं. मान खाली घालून तिने ते ऐकून घेतलं होतं. आता ती पाठीमागे दाराला टेकून उभी होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

“हे बंद करा,” मी म्हणालो. “आजपासून. खेप नाही, काही नाही.”

“बंद कसा करू?” सासू शांतपणे म्हणाली. “आज हिनं नाय फेडला, तं उंद्या दुसरी आजारी पडल. तिला कोन पानी आनील?”

याचं उत्तर पुण्याच्या त्या हॉलमध्येही कुणाकडे असेल असं वाटत नाही. मग मी जे जानेवारीत म्हणायला हवं होतं ते म्हटलं. “आजी, हिला एकच किडनी आहे. दुसरी मेलेली आहे. ही एक गेली तर हिला आठवड्यातून तीनदा नाशिकला मशीनवर यावं लागेल. जन्मभर.”

 आत लेकरू खेळत होतं.

“दुसरी कवा मेली?” सासूने विचारलं.

“आधीच. मी सांगितलं होतं. कार्डावर लिहिलंय.”

सासूने उठून वाशाला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात सगळे कागद होते, घडीला घडी लावून, माझ्या जांभळ्या शिक्क्यांसकट. मी ओळ दाखवली. आशाताईंनी मोठ्याने वाचली, ‘उजवे मूत्रपिंड कार्यरत नाही,’ आणि थांबल्या. “साहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “मला वाटलं सध्या बंद आहे. आमच्या हापशाचं पण असंच लिहितात. मग कधीतरी दुरुस्तीवाले येतात.”

सासू मला म्हणाली, “एकच हाय तं एकच हाय असा सांगाचा ना. एक बैल मेला तं दुसऱ्याला जपतो का नाय आमी?”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सासूने लेकराला पिटाळून बायकांना बोलावून घेतलं. पाच-सहा जणी आल्या. त्यांच्या बोलीत काय चाललं होतं ते मला निम्मंच कळलं, पण ‘एकच’ हा शब्द तीनचारदा आला आणि दर वेळी सगळ्या एकदम तिच्याकडे बघत. मग निकाल लागला. राहिलेलं पाणी ती पाण्याने फेडणार नाही, आवणीत फेडेल. ज्या घराचं जितकं पाणी, त्या घरच्या भातलावणीला तितका हात. “तवा पानी सगलीकडं,” सासूने मला समजावलं. “वाकली का पानी. पीत पीत लावील. चालंल ना तुज्या किडनीला?”

चालेल, मी म्हणालो. इतकं साधं मला सुचलं नव्हतं. शस्त्रक्रियेच्या सात परीक्षा पास झालेल्या माणसाला सुचलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी मुतखड्याच्या डॉक्टरवरच केली असणार.

मी उठलो. सासू बसल्या जागेवरून म्हणाली, “आन् तुजा?”

“माझं काय?”

“तू प्यालास तिचा.”

बायका हसल्या. ती गंमत होती हे मलाही कळलं. पण कॅन रिकाम्यात जमा होता, दुपार टळटळत होती, आणि मी गेलो की तो भरायला तीच उतरणार हे समोर दिसत होतं. मी कॅन उचलला. बायका आणखी हसल्या. आशाताई “साहेब, नको” म्हणत मागून आल्या.

उतरताना काही वाटलं नाही. झिऱ्यापाशी दोन बाया बसल्या होत्या, त्यांनी मला पुढचा नंबर दिला. बहुधा करमणूक म्हणून. वाटी बुडवायची, ओतायची, थांबायचं. रेघेपर्यंत यायला किती वेळ लागला ते घड्याळात बघायचं मी टाळलं. झाकण केव्हाच हरवलेलं होतं, चिंधीचा बोळा लावला आणि चढायला लागलो.

तीन लिटर म्हणजे तीन किलो. माझी लॅपटॉपची बॅग याहून जड असते. निम्म्या चढावर मी सागाच्या खोडाला धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढे काजवे, तोंडात जीभ चामड्यासारखी. आशाताई पुढे गेल्या होत्या. मी बोळा काढला आणि कॅन तोंडाला लावला. गाळलेलं नाही, उकळलेलं नाही, हे सगळं मला माहीत होतं. फक्त ओठ ओले करायचे म्हणून लावला होता. तोंडापासून काढला तेव्हा पाणी रेघेखाली गेलं होतं. वर बघितलं तर आशाताई वळणावर थांबून दुसरीकडे बघत होत्या.

दारात तिने माझ्या हातून कॅन घेतला. उजेडाकडे धरला. मग पाणी आणि लाल रेघ यांच्या मधल्या जागेवर आपली दोन बोटं आडवी ठेवली. बरोबर दोन मावली.

“सांडलं वाटेत,” मी म्हणालो.

ती आत गेली, घरच्या हंड्यातून तेवढं पाणी काढून रेघेपर्यंत भरलं आणि सगळं पातेल्यात ओतून चुलीवर उकळायला ठेवलं.

त्या संध्याकाळी नाशिकला पोचल्यावर मी माझा स्वतःचा चौकोन बघितला. सातवा. दोन दिवस पोटही बिघडलं. बायकोने विचारलं, काय खाल्लंस? मी म्हणालो, पाणी.

शिक्का मी अजून वापरतो. फेकून देण्याइतका मी सुधारलेलो नाही. फक्त मारण्याआधी आता विचारतो, घरात पाणी कोण आणतं आणि कुठून. आणि किडनी एकच असेल तर दोन बोटं वर करून त्यातलं एक मिटवून दाखवतो. पुढच्या संमेलनाला बोलवलं होतं, गेलो नाही. फोटो काढायचा राहूनच गेला होता.

आवणी उरकल्यावर ती जव्हारला आली. पावसाने पायांची बोटं पांढरी पडलेली, हातांना चिखलाचा वास. मी तिच्या रक्ताचा कागद उघडताना हात पुसले, मग पुन्हा पुसले. आकडा फेब्रुवारीत होता तिथे परत आला होता. किडनी तगली होती. मला इतका आनंद झाला की मी तो कागद तिला उलटा दाखवला, मग सुलटा. ती कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

“सावड फिटली?” मी विचारलं.

“सगल्यांची फिटली.”

“आता कुणाचं काही राहिलं नाही ना?”

ती उठली. कागद घडी करून पिशवीत ठेवला, पिशवी काखेत मारली, दारापर्यंत गेली. इथली माणसं खरं काय ते दारापाशी सांगतात हे मला माहीत असायला हवं होतं. पण ती दाराशी बोलली नाही. वळून माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं आडवी धरली.

“तुजी राहलीत,” ती म्हणाली. “तीन लिटर म्हंजे तीन लिटर.”